मुलीची खोली

थेंबकाकांनी डब्याच्या झाकणाखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं, मनगटाला एक हिसका दिला आणि झाकण उचलून आत पाहिलं. आत पिवळा होता. त्यांनी झाकण खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा पाहिलं. तरी पिवळाच. नव्या यंत्राच्या पडद्यावर नाव मात्र बरोबर दिसत होतं, मुलीची खोली, आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं की मिश्रण यशस्वी झालं आहे.

"डोंबल यशस्वी," थेंबकाका म्हणाले.

दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. भर दुपार, रस्ता तापलेला, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. काकांनी यंत्राचं बटण पुन्हा दाबलं, दुसरा डबा नळीखाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. यंत्राने पुन्हा तितक्याच आत्मविश्वासाने पिवळा काढून दिला. तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि बायकोच्या भाचीला सांगितलं, "संध्याकाळी दुकानावर ये. आणि येताना तुझं डोकं घेऊन ये."

थेंबकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या दुकानात उभं आयुष्य गेलेला माणूस. गिऱ्हाईक भिंतीचा कपचा आणून दाखवायचं आणि काका डोळे बारीक करून म्हणायचे, "यात काळ्याचा एक थेंब जास्त आहे," आणि ते तसंच निघायचं. पुढे रंग मिसळायची यंत्रं आली, थेंब मोजायचं काम संपलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. यंत्राचा त्यांना राग नव्हता. उलट कौतुकच होतं, कारण माणूस विसरतो आणि यंत्रात टाकलेलं राहतं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला कान किटेपर्यंत ऐकवत.

सोमवारी बायकोने पालेभाजी निवडता निवडता, आवाज मुद्दाम साधा ठेवून सांगितलं होतं.

"ती येतेय शनिवारी. इथल्या नदीवरच्या पुलाचं काही काम आहे तिचं. हॉटेलात उतरणार आहे."

"हॉटेलात?"

"मग कुठे उतरेल? म्हणाली, जमलं तर घरी डोकावून जाईन."

हातातला पेपर उलटून काका मागची बाजू वाचू लागले, आणि ती बाजू त्यांची सकाळीच वाचून झालेली होती.

लेक घरी आली नव्हती त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात बापलेकीत एक शब्द झाला नव्हता. आईला ती दर रविवारी फोन करायची. फोन वाजला की बायको उठून गॅलरीत जायची, आणि काका बेसिनपाशी असले तर नळ बंद करून तसेच उभे राहायचे. बोलणं काही ऐकू यायचं नाही. बायकोचं हसू तेवढं यायचं. पोर काय म्हणाली असेल म्हणून ही हसली, याचा विचार करण्यात त्यांचा उरलेला रविवार जायचा. तिची त्यांना फार आठवण यायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बायकोला सांगायची गरज नव्हती.

आता त्यांना फक्त तिची खोली होती तशी करून ठेवायची होती. दारातून डोकावली आणि खोली तिची तिला दिसली तर ती हातातली बॅग खाली ठेवेल, कदाचित एक रात्र राहील, एवढा त्यांचा साधा हिशेब. आणि खोली होती तशी राहिली नव्हती, ही कर्तबगारीही त्यांचीच.

त्यांच्या मनात दुकान तिचं होतं. शाळेच्या दप्तरासकट ती यंत्रापाशी उभी राहायची, रंग काढायची, दुप्पट वयाच्या रंगाऱ्यांना हुकूम सोडायची. काका तिला बाईसाहेब म्हणायचे. शिकून झाल्यावर बाईसाहेब म्हणाल्या की मी पुलांच्या कामावर जाते, दूर आहे, पण जाते. शब्दाने शब्द वाढला आणि काका बोलून बसले, "गेलीस तर तुझी खोली मोकळी झाली असं मी धरेन." ती गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी खोली पांढरी केली. अर्धवट काम करायची त्यांना सवय नव्हती. स्विचबोर्ड काढून, कपाट ओढून, गिलावा दिसेपर्यंत घासून, वर पुट्टी ओढून त्यांनी ती अशी पांढरी केली, की जुन्या रंगाचा नखाएवढा कपचा कुठे म्हणून राहिला नाही. पैसे घेऊनसुद्धा इतकं चोख काम त्यांनी कधी कुणाचं केलं नव्हतं.

पण रंग यंत्रात आहे, म्हणून ते निर्धास्त होते. खोलीचा रंग लेकीने स्वतः जुळवला होता, स्वतःच्या हाताने यंत्रात टाकला होता. हवा तेव्हा बटण दाबायचं. सहा वर्षं ते बटण दाबायचं धैर्य झालं नाही, ही गोष्ट वेगळी.

भाची संध्याकाळी आली. संगणकाची कामं घरी बसून करणारी ही मुलगी, जुन्या यंत्रातलं सगळं नव्यात उतरवलं होतं तेही तिनेच, बोलायला फटकळ, पण त्या दिवशी पिवळा डबा बघितल्यावर तिचा चेहरा उतरला. तिने पडद्यावर खाली-वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग कोपऱ्यातली रिकामी खोकी ओढून काउंटरवर मांडली.

"काका, जुन्या यंत्रात कसं होतं सांगते. हे मोठं खोकं म्हणजे गिऱ्हाईक. त्याच्या पोटात घर, कारण एकेकाची दोन दोन घरं." तिने मोठ्या खोक्यात मधलं ठेवलं, मधल्यात छोटं. "घराच्या पोटात खोल्या. कुठे कुठे त्याहून आतही काही होतं. आणि अगदी तळाशी रंगाचं प्रमाण, किती निळा, किती काळा."

"बरं."

"नव्या यंत्राला खोक्यात खोकं चालत नाही. त्याला एक नाव आणि एक प्रमाण, बस. म्हणून मी सगळी खोकी उघडली, तळाचं प्रमाण बाहेर काढलं आणि प्रत्येकावर नाव चिकटवलं. तुम्हाला विचारलं होतं, नाव काय चिकटवू."

काकांना आठवलं. तिने विचारलं होतं तेव्हा दुकानात दोन रंगारी ब्रशच्या किमतीवरून वाद घालत होते. गिऱ्हाइकापासून खोलीपर्यंत सगळी वाट लिहू का, असं ती म्हणाली होती, आणि काका म्हणाले होते, एवढी लांबलचक शेपूट कोण वाचत बसणार, खोलीचं नाव ठेव, सुटसुटीत.

"आता एका नावाला जागा एकच," भाची म्हणाली. तिने फळीवर एक छोटा डबा ठेवला. "ही पहिल्या गिऱ्हाइकाची मुलीची खोली. दुसऱ्याकडेही मुलीची खोली आहे. तिचा डबा त्याच जागी ठेवायला गेलं की..." तिने दुसरा डबा सरकवला तसा पहिला फळीवरून काकांच्या हातात पडला. "आधीचा गेला. असं शेवटपर्यंत. सगळ्यांत शेवटी जो आला तो राहिला."

"म्हणजे हा पिवळा..."

"कुणाच्या तरी मुलीचा आहे. आपल्या ताईचा नाही."

काकांनी हातातला डबा उलटसुलट केला. जुनं यंत्र नव्याच्या बदल्यात गेलं होतं आणि नेणाऱ्यांनी ते पुसून कोरं केलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं.

"तू आधी एक नक्कल काढून घेतली होतीस ना?"

भाची नखाने काउंटरवरचा वाळलेला रंग खरवडू लागली.

"घेतली होती. आणि बाहेर काढलेलं सगळं त्याच फाईलवर लिहिलं, तीही पुसली गेली. असं करायचं नसतं, काका. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात."

तेवढ्यात दातांचे डॉक्टर तणतणत आत आले. बैठकीची एक भिंत उरली होती म्हणून त्यांनी काल डबा नेला होता, आणि आता त्यांच्या बैठकीच्या तीन भिंती बदामी आणि एक जांभळी होती.

"माझी बैठक जांभळी कधी होती?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, आता गावातल्या सगळ्यांची बैठक जांभळी आहे," काका म्हणाले. "बसा. तुमची मी हाताने जुळवून देतो."

आणि दिलीही. डॉक्टरांनी आणलेल्या कपच्यावरून त्यांनी बघता बघता बदामी उतरवला. भाची बघत राहिली. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "मग ताईचाही जुळवा की तसाच."

"कपचा कुठून आणू?" काका म्हणाले, आणि दिवे मालवायला उठले.

तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. दुकानातून येताना ते रोज कागदी पेल्यांत रंग घेऊन यायचे आणि जेवणाआधीच खोलीत शिरायचे. खोलीत आता एक पलंग, एक स्टूल आणि इस्त्रीचे कपडे एवढंच असायचं. पांढऱ्या भिंतीवर हाताएवढा पट्टा मारायचा, पंख्याखाली वाळू द्यायचा आणि बायकोला हाक मारायची. बायको ओले हात पदराला पुसत दारात उभी राहायची.

"हा?"

"हा फार बोलका आहे. तिचा असा नव्हता."

"आणि हा?"

"हा आजारी दिसतोय."

"आणि हा बघ, नीट बघ, यात जरा करडी झाक आहे."

बायको नीट बघायची. दाराकडून बघायची, मग पलंगाशी जाऊन बघायची. "इथून वाटतोय तसा," ती म्हणायची, "पण तिथून नाही वाटत." मग पोळी तव्यावर आहे म्हणून निघून जायची.

काका वैतागायचे आणि पुन्हा पट्टा मारायचे. आख्ख्या गावाच्या भिंती त्यांच्या डोळ्यांत होत्या. डॉक्टरांची बदामी होती, शाळेची राखी होती, कुणाच्या जिन्याची वीटकरी होती. स्वतःच्या घरातली ही एक खोली मात्र सापडत नव्हती. डोळे मिटले की लेक दिसायची. स्टुलावर चढलेली, कोपरापर्यंत रंगलेली, केसांना कापड बांधलेली, वरून त्यांनाच सूचना देणारी. अगदी गालावरचा रंगाचा ठिपकासुद्धा दिसायचा. तिच्या मागची भिंत काही केल्या दिसायची नाही.

गुरुवारी भिंत पट्ट्यांनी भरून गेली. काका स्टुलावर बसले, ब्रश पेल्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. बायको दारात येऊन उभी राहिली. या वेळी तिला कुणी हाक मारली नव्हती.

"तिला विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू? तुझी खोली मी घासून टाकली, आता रंग सांग?"

"तसंच विचारा."

"तू विचार ना. तुझ्याशी ती बोलते."

"मला रंगातलं काय कळतं? एक सांगेल, मी दुसरं ऐकेन, आणि पुन्हा तुम्ही माझ्यावर खेकसाल." तिने स्वतःचा फोन पलंगावर ठेवला, त्यावर नंबर लावूनच ठेवला, आणि जाताना दार ओढून घेतलं.

पलीकडे फोन वाजत होता. आता बंद केला तर लेकीला कळणारच, म्हणून काकांनी तो कानाला लावला.

"हं, आई."

"मी बोलतोय."

पलीकडे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. एक मोठं वाहन गेलं. मग तिचा आवाज जवळ आला, तोंडावर हात धरून बोलावं तसा.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. स्वयंपाकघरात आहे. मला जरा..." दुकानात काका दिवसभर बोलायचे, आणि इथे शब्द सापडेना. "तुझ्या खोलीच्या रंगाचं प्रमाण हवं होतं. यंत्रातून गेलं ते."

"कशाला?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ओल आली म्हणता आलं असतं. एका गिऱ्हाइकाला तसाच हवा आहे म्हणता आलं असतं. गेले तीन दिवस ते अशाच एखाद्या वाक्याची मनात तयारी करत होते.

"खोली पांढरी आहे," काका म्हणाले. "मी केली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आईने तेव्हाच सांगितलं होतं. स्विचबोर्डसुद्धा काढून घासलंत म्हणाली."

इतकी वर्षं काका एक गोष्ट लपवून बसले होते आणि ती जिच्यापासून लपवायची तिच्याकडेच होती. मग पलीकडून तिने विचारलं,

"कुठल्या भिंतीचा हवाय?"

"म्हणजे?"

"बाबा, चार भिंतींचे चार होते. मी यंत्रात त्या खोलीच्या आत चार कप्पे केले होते. विसरलात तुम्ही? खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड थेट पडतो, म्हणून तिथे काळा जरा जास्त. बाकीच्या त्याप्रमाणे. आत उभं राहिलं की चारही भिंती एकसारख्या दिसल्या पाहिजेत, असं तुम्हीच तर म्हणायचात. मी नुसता निळा लावायला निघाले होते, तुम्ही मला दोन दिवस घासायला लावलंत."

काकांनी मान वर करून पट्ट्यांनी भरलेल्या भिंतीकडे पाहिलं. चार रंगांच्या जागी ते एक रंग शोधत होते, आणि बायको बिचारी दारातून बघायची तेव्हा तिला एक भिंत आठवायची, पलंगापासून बघायची तेव्हा दुसरी. बरोबर बोलत होती ती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सरळ भिंतीलाच टेकवली.

"सांग. लिहितो."

"खिडकीसमोरची. निळा नऊ, काळा दीड, पिवळा अर्धा."

"हं."

"दाराची. निळा नऊ, काळा एक, पिवळा अर्धा." ती न थांबता, शाळेतला पाढा म्हणावा तशी सांगत होती. "कपाटाची पण तशीच, फक्त तिच्यात तांबड्याचा एक थेंब. बाहेरच्या झाडामुळे त्या भिंतीवर हिरवी झाक यायची, ती मारायला."

"झाड आहे अजून," काका म्हणाले.

"आहे?"

"आहे. वाढलंय. तारांना लागतं म्हणून फांद्या तोडायला आले होते, मी तोडू दिल्या नाहीत."

ती हसली. गॅलरीतल्या फोनवर बायकोला ऐकू यायचं ते हेच हसू असणार, काकांच्या मनात आलं. त्यांचे डोळे भरून आले आणि भिंतीवरची अक्षरं पुसट झाली. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि लिहिलेलं पुन्हा वाचून घेतलं.

"आणि खिडकीची?" त्यांनी विचारलं. "चौथी?"

तिने कुणाला तरी लांबूनच सांगितलं, आले, दोन मिनिटं. मग म्हणाली,

"तिचं नाही आठवत."

काकांची पेन्सिल भिंतीवर टेकलेली होती. कपाटाच्या भिंतीतला तांबड्याचा एक थेंब जिला आठवतो तिला चौथ्या भिंतीचं प्रमाण आठवत नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"तिथे उभी राहिले की आठवेल," ती म्हणाली. "तोवर ती पांढरी राहू दे."

"राहू दे," काका म्हणाले.

"शनिवारी माझं काम संध्याकाळी संपतं. त्यानंतर लावायची."

"लावू की. मी बाकीच्या तीन उद्या करून ठेवतो."

"पण मग बरोबर जमलाय की नाही ते रविवारी सकाळीच कळेल ना? रात्रभर वाळल्यावर?"

"रविवारशिवाय नाही कळायचं," थेंबकाका म्हणाले.

भिंतीचा रंग तासा-दोन तासांत वाळतो. हे त्या दोघांना पक्कं माहीत होतं.